इंटरमिजिएट, इंटरमिजिएट, इंटरमिजिएट: बॅकअप सर्व्हरवर बाहेरचं सर्टिफिकेट बसवण्याआधीची तयारी

मागच्या वेळी शुक्रवारी संध्याकाळी नवं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) टाकलं, ब्राउझरमध्ये बॅकअप सर्व्हरचं वेब कन्सोल उघडलं, कुलूप दिसलं, आणि मी खुशाल निघालो. शनिवारी सकाळी मेलबॉक्समध्ये नापास जॉबची रांग लागली होती. रात्रीत एकाही व्हीएमचा (आभासी मशीनचा) बॅकअप झाला नव्हता. पीएफएक्स फाइल, म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की एकत्र बांधणारी फाइल, बनवताना मी सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि ती प्रायव्हेट की घेतली, साखळीतलं मधलं सर्टिफिकेट, म्हणजे इंटरमिजिएट, घेतलंच नाही. आता पुन्हा तेच काम अंगावर आलंय, म्हणून यावेळी आधी लिहून काढतोय.

सगळ्यात आधी हे बघा की तुमचं सॉफ्टवेअर हे सर्टिफिकेट नेमकं कुठे कुठे वापरतं. इन्स्टॉल करताना ते स्वतःच सही केलेलं एक सर्टिफिकेट बनवून घेतं. आपण तेच बदलायला निघालेले असतो. पण वेब कन्सोल वेगळं, प्रॉक्सी (बॅकअपचा डेटा वाहून नेणारी मशीन) आणि रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) यांच्याशी होणारं बोलणं वेगळं, व्हीएमच्या आतल्या एजंटचं (तिथे बसवलेल्या छोट्या प्रोग्रामचं) वेगळं. काही ठिकाणी तिन्हींना एकच सर्टिफिकेट चालतं, काही ठिकाणी नाही. आपल्या व्हर्जनच्या मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा. फक्त कन्सोलचं बदलून "झालं काम" म्हणणारे मी पाहिलेत, आणि सिक्युरिटी स्कॅनमध्ये दुसरं पोर्ट पुन्हा लाल झालेलंही पाहिलंय.

मग सर्टिफिकेट घ्यायचं कुणाकडून. सर्टिफिकेटवर सही करून देणारा तो सीए; तो बाहेरचा, सार्वजनिक असतो किंवा ऑफिसचा स्वतःचा. सर्व्हरचं नाव डॉट लोकलवर संपत असेल तर सार्वजनिक सीएचा विचार सोडा. अशा आतल्या नावांना 1 नोव्हेंबर 2015 नंतरच्या मुदतीची सर्टिफिकेटं द्यायला सार्वजनिक सीएंना मनाई आहे. नाव नीट असलं तरी मुदत आखडत चाललीये: आधी 398 दिवस, 15 मार्च 2026 पासून 200, 2027 च्या मार्चपासून 100, आणि 2029 च्या मार्चपासून अवघे 47. शिवाय ज्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजू एकमेकांचं सर्टिफिकेट तपासतात, तिथे सर्टिफिकेटमध्ये क्लायंट ऑथेंटिकेशनचाही (जोडणाऱ्या बाजूची ओळख पटवण्याचाही) उल्लेख लागतो, आणि मोठ्या सार्वजनिक सीएंनी 2025 पासून तो काढून टाकायला सुरुवात केलीये. माझं मत विचाराल तर बॅकअपसारख्या आतल्या आत बोलणाऱ्या यंत्रणेला ऑफिसचा स्वतःचा सीए असेल तर तोच बरा. नसेल तर सार्वजनिक घ्या, पण नूतनीकरण हाताने करायची स्वप्नं पाहू नका.

सीएसआर, म्हणजे सीएकडे पाठवायचा सर्टिफिकेटचा अर्ज. की 2048 बिटची किमान, मी 3072 घेतो. नावं सगळी सॅनमध्ये, म्हणजे सर्टिफिकेटमधल्या नावांच्या यादीत, घाला. नुसत्या कॉमन नेमकडे (एकाच नावाच्या जुन्या रकान्याकडे) क्रोम 2017 मधल्या 58 व्या व्हर्जनपासून बघतही नाही. पूर्ण नाव तर घालालच, पण कुणीतरी तीन वर्षांपूर्वी एखादी प्रॉक्सी छोट्या नावाने किंवा थेट आयपीने जोडून ठेवलेली असते, ती शोधा. ऑफिसचा सीए असेल तर ते नाव आणि आयपीही सॅनमध्ये टाका. सार्वजनिक सीए छोटं नाव आणि आतला आयपी देत नाही, तिथे जोडणीच दुरुस्त करा.

आता इंटरमिजिएट. सीए सहसा तुमच्या सर्टिफिकेटवर रूटने, म्हणजे स्वतःच्या सर्वात वरच्या सर्टिफिकेटने, सही करत नाही, मधल्या सर्टिफिकेटने करतो. समोरच्याकडे फक्त रूट असतो. मधला दुवा तुमच्या सर्व्हरने स्वतःहून पाठवायचा असतो. तो पाठवला नाही तर साखळी तुटते, आणि ब्राउझर ते तुम्हाला कळूही देत नाही. विंडोजवरचं क्रोम हरवलेलं इंटरमिजिएट सर्टिफिकेटमधल्या पत्त्यावरून स्वतः उतरवून घेतं, फायरफॉक्सकडे इंटरमिजिएटचा साठा आधीच असतो. म्हणून माझ्या लॅपटॉपवर कुलूप दिसलं. बिचारी प्रॉक्सी मात्र इंटरनेट नसलेल्या नेटवर्कात बसलेली. ती कुठून आणणार? म्हणून ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे पुरावा नाही. पुन्हा सांगतो, पुरावा नाही.

तपासायचं असं: प्रॉक्सीवर लॉगिन करा, लॅपटॉपवर नाही, आणि तिथून ओपनएसएसएल या टूलच्या एस-क्लायंट कमांडने बॅकअप सर्व्हरच्या पोर्टला जोडा, पूर्ण साखळी दाखवायला सांगून. मला त्या शनिवारी दिसलं ते असं: साखळीच्या यादीत शून्य क्रमांकाचं एकच सर्टिफिकेट, आणि खाली व्हेरिफाय रिटर्न कोड 21, म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट पडताळता येत नाही. हवं ते असं: शून्यावर तुमचं, एकवर इंटरमिजिएट, आणि कोड शून्य. सार्वजनिक सीएकडून दोन इंटरमिजिएट येऊ शकतात, मग दोन्ही. पेम (मजकुराच्या रूपातली सर्टिफिकेटची) फाइल लागत असेल तर क्रम तोच ठेवा, आधी तुमचं, मग त्यावर सही करणाऱ्याचं. रूट त्यात घालायची गरज नाही. विंडोज सर्व्हर असेल तर एमएमसीमध्ये (विंडोजच्या मॅनेजमेंट कन्सोलमध्ये) लोकल कॉम्प्युटरच्या स्टोअरमध्ये जा, स्वतःच्या युजरच्या नाही, आणि इंटरमिजिएट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज या फोल्डरमध्ये ते डोळ्यांनी बघा. "इंपोर्ट झालं असेल" चालणार नाही. बघा.

पीएफएक्सची आणखी एक गंमत. ओपनएसएसएल 3 ने बनवलेली फाइल विंडोज सर्व्हर 2016 वर इंपोर्ट करायला गेलात तर पासवर्ड चुकीचा आहे असं विंडोज सांगतं. पासवर्ड बरोबर असतो. नवं एन्क्रिप्शन जुन्याला वाचता येत नाही. लेगसी पर्याय देऊन फाइल पुन्हा बनवा, चाळीस वेळा पासवर्ड टाइप करू नका. आणि इंपोर्ट झाल्यावर बॅकअपची सर्व्हिस ज्या अकाउंटने चालते त्याला प्रायव्हेट की वाचायची परवानगी आहे का, तेही तिथेच बघा.

रूट सगळीकडे पोचवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. ऑफिसचा सीए असेल तर प्रत्येक प्रॉक्सी, रिपॉझिटरी आणि एजंटवर तो रूट विश्वासू म्हणून टाकावा लागतो. विंडोजवर ग्रुप पॉलिसीने होतं. लिनक्समध्ये डेबियन आणि उबंटूचा फोल्डर वेगळा नि कमांड वेगळी, रेड हॅटची वेगळी. जावावर चालणारा भाग असेल तर त्याचा ट्रस्टस्टोअर (विश्वासू रूटचा साठा) स्वतंत्र असू शकतो, सिस्टिममध्ये टाकलेलं त्याला दिसत नाही.

रद्द झालेल्या सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, बॅकअपच्या नेटवर्कातून उघडते का ते पाहा. फायरवॉलने अडवलं तर कुठे जोडणी नाकारली जाते, कुठे नुसती रेंगाळते, आणि तुम्ही दोन तास नेटवर्कवाल्यांशी भांडता. सगळ्यांची घड्याळं एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून जुळवलेली. पुढे.

बदलाच्या आधी बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप, आणि त्याचा पासवर्ड त्याच सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी. नव्या प्रायव्हेट कीची प्रतही बाहेर. जो बॅकअप उघडायला पासवर्ड लागतो त्याच्याच आत तो ठेवणारे थोर लोक आहेत. चालू जॉब थांबवा, नाहीतर अर्धवट तुटतात. जुनं सर्टिफिकेट लगेच उडवू नका, परत फिरायला लागतं. आणि शुक्रवार नको.

बदल स्वतः दहा मिनिटांचा. सर्टिफिकेट निवडा, सर्व्हिस रीस्टार्ट, थंबप्रिंट (सर्टिफिकेट ओळखायचा ठसा) बदलला म्हणून जे कोणी विचारेल तिथे तो नव्याशी जुळवून मगच हो म्हणा. हरवलेले एजंट पुन्हा जोडा.

मग प्रॉक्सीवरून पुन्हा ती एस-क्लायंटची तपासणी. एक छोटा जॉब, एक छोटा रिस्टोअर, दोन्ही, कारण रिस्टोअरची वाट वेगळी असू शकते. मुदतीची आठवण महिनाभर आधीची, एकट्याच्या नाही, टीमच्या कॅलेंडरवर.

नूतनीकरणाच्या वेळी मागचीच इंटरमिजिएट फाइल उचलून चिकटवू नका. सीए ती बदलतात. लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक सीएने 2024 च्या जूनमध्ये आर3 हे इंटरमिजिएट सोडून आर10 आणि आर11 वापरायला सुरुवात केली, आणि दोन्हींपैकी तुमच्या वाट्याला कुठलं येईल ते आधी सांगता येत नव्हतं. नव्या सर्टिफिकेटमध्ये इश्युअरचं (सही करणाऱ्याचं) नाव वाचा आणि त्याच नावाचं इंटरमिजिएट घ्या.