स्कॉटलंडमधून खासदारकीला उभं राहताय? आधी दहा सह्या

वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीला स्कॉटलंडमधून आपल्यापैकी कुणी उभं राहत असेल, किंवा अशा उमेदवाराचं एजंटपद तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हे आधी वाचा. मागच्या वेळी एका सहीपायी आमच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला. मतपत्रिकेवर नाव आलंच नाही आणि छापून ठेवलेली पत्रकं खोक्यांत पडून राहिली. तशी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून लिहितेय.

पात्रतेत वय 18 पूर्ण हवं, हे माहीत असतंच. नागरिकत्वाबद्दल मात्र आपल्या मंडळींत गैरसमज फार. ब्रिटिश पासपोर्टच लागतो असं नाही. भारतासारख्या राष्ट्रकुल देशाचा नागरिकही उभा राहू शकतो, फक्त त्याच्याकडे इथे बेमुदत राहण्याची परवानगी हवी. नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर जमणार नाही. मतदारसंघात घर असायला हवं असंही नाही. पोलिसात, सैन्यात किंवा सिव्हिल सर्व्हिसमध्ये असाल तर राजीनामा अर्ज भरण्याआधी द्यायचा, निकाल लागल्यावर नाही.

तयारी निवडणूक जाहीर होण्याआधी सुरू करा. 2024 ला 22 मे रोजी घोषणा झाली, 30 मेला संसद विसर्जित झाली आणि 7 जूनला दुपारी चार वाजता अर्जांची मुदत संपली. घोषणेनंतर माणसं शोधायला निघालात तर धावपळीतच चूक होते.

आता दहा सह्या. लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, त्यामुळे आपल्याला हे प्रकरण किरकोळ वाटतं. इथे मोठ्या पक्षाचा उमेदवार असो की अपक्ष, सगळ्यांना सारखाच नियम: एक सूचक, एक अनुमोदक आणि आणखी आठ जण. सगळे त्याच मतदारसंघातले हवेत आणि त्यांना वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत मत असायला हवं. हे दुसरं नीट डोक्यात बसवा. स्कॉटलंडमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलं स्कॉटिश संसदेला आणि कौन्सिलला, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेला मत देतात. 2020 च्या कायद्यापासून इथे रीतसर राहणारे परदेशी नागरिकही देतात. या सगळ्यांची नावं मतदार यादीत असतात, पण वेस्टमिन्स्टरला त्यांना मत नाही, म्हणून सहीही चालत नाही. शेजारची पोलिश बाई वर्षानुवर्षं इथे राहतेय, एकही कौन्सिल निवडणूक चुकवत नाही, तुमच्यासाठी दारोदार फिरायला तयार आहे. तिने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं नसेल तर तिला पत्रकं वाटायला द्या, अर्ज तिच्यापुढे ठेवू नका. उलट पुण्याहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने यादीत नाव नोंदवलं असेल तर त्याची सही चालते, कारण राष्ट्रकुलाच्या नागरिकाला वेस्टमिन्स्टरचं मत आहे. पासपोर्ट किंवा व्हिसा ऐकून अंदाज बांधू नका. कुणाला कोणत्या निवडणुकीत मत आहे ते सांगणारी यादीतली नावाजवळची खूण बघा. यादी न बघता एकही सही घ्यायची नाही.

मतदारसंघाची हद्दही यादीवरूनच ठरवा. 2024 पासून सीमा बदलल्या, स्कॉटलंडच्या जागा 59 वरून 57 झाल्या, ग्लासगोच्या सातच्या सहा झाल्या. त्यात स्कॉटिश संसदेचे मतदारसंघ वेगळे आखलेले, त्यामुळे माणूस आपला मतदारसंघ म्हणून भलतंच नाव सांगतो. खोटं बोलत नसतो बिचारा, पण तुमचा अर्ज जातो.

प्रत्येक सहीपुढे मतदार क्रमांक लिहायचा, तोही मतदान विभागाच्या अक्षरांसकट. नुसता आकडा पुरत नाही. सह्या घेण्याआधी उमेदवाराचं पूर्ण नाव आणि पक्षाचं वर्णन अर्जावर भरलेलं हवं. कोऱ्या अर्जावर सह्या घेऊन मागाहून नाव भरायचं नाही. फोटोकॉपी किंवा ईमेलने आलेली सही चालत नाही, मूळ शाईचीच हवी. आणि एखादी चुकली तर असू दे म्हणून अर्जावर बारा सह्या घेऊन ठेवलात तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण पहिल्या दहाच बघितल्या जातात. खबरदारी घ्यायची असेल तर दुसरा संपूर्ण अर्ज वेगळा भरा, तो देता येतो. सही करणाऱ्याने आधी दुसऱ्या उमेदवारासाठी सही केली नाही ना, हे स्पष्ट विचारा. भिडस्तपणा इथे महागात पडतो.

यादी मागायची कुठे, यात नवखे घोळ घालतात. अर्ज घेणारा निवडणूक निर्णय अधिकारी हा सहसा कौन्सिलचा मुख्य अधिकारी असतो. मतदार यादी मात्र स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी व्हॅल्युएशन जॉइंट बोर्डाच्या (मालमत्तांचं मूल्य ठरवणाऱ्या मंडळाच्या) असेसरकडे, म्हणजे मूल्यांकन अधिकाऱ्याकडे असते. एडिनबराची लोथियन बोर्डाकडे. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे अर्ज. उमेदवाराला यादी फुकट मिळते, पण लेखी मागावी लागते. टपाली मतदारांची यादीही त्याच वेळी मागून घ्या.

अनामत 500 पौंड, वैध मतांच्या 5 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर परत. पैसे कशा स्वरूपात घेतात ते आधी फोन करून विचारा. पक्षातर्फे उभे असाल तर पक्षाच्या नामनिर्देशन अधिकाऱ्याचं पत्र लागतं, चिन्हाचा अर्ज वेगळा. उमेदवाराचं संमतिपत्र साक्षीदारासमोर सही केलेलं हवं, आणि घरच्या पत्त्याचा फॉर्म. हे सगळं जमलं की निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात वेळ घेऊन कच्ची तपासणी करून घ्या. ती माणसं मदत करतात. पण शेवटच्या दिवशी जाऊ नका. आपल्याकडे छाननीला दुसरा दिवस असतो, इथे असा वेगळा दिवस नाही आणि चार वाजून गेल्यावर तुम्हाला दुरुस्ती करता येत नाही. नवीन सही आणायला दोन-तीन दिवस हाताशी राहतील असे जा. निघण्याआधी दहाही क्रमांक यादीशी पुन्हा ताडून बघा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने यादीत बोट ठेवायचं. दहाच्या दहा.

प्रचाराला फार सांगत बसत नाही. जुन्या टेनेमेंट (सामाईक जिन्याच्या, अनेक घरांच्या) इमारतींत खालचं दार उघडणारं 'सर्व्हिस' बटण बहुधा सकाळीच चालतं, तेव्हा जिने सकाळी उरका. पत्रपेटीत बोटं घालू नका, आत कुत्रा असतो. लाकडी उलथण्याने पत्रक ढकला. प्रत्येक मतदाराला किंवा घराला एक टपाल फुकट पाठवता येतं, त्याचा नमुना रॉयल मेलकडून छपाईआधी मंजूर करून घ्या. टपाली मतपत्रिका घरी पोचण्याआधी तुमचं पत्रक पोचायला हवं. 2024 ला मतदान 4 जुलैला होतं, तोवर इथल्या शाळांना सुट्टी लागली होती. टपाली मतपत्रिका उशिरा पोचल्या आणि एडिनबरा, फाइफच्या कौन्सिलांना सुट्टीवर निघालेल्यांसाठी खास सोय करावी लागली. म्हणून सुट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी वेगळी काढा.

प्रत्येक पत्रकावर छापणारा, प्रसिद्ध करणारा आणि कुणासाठी, यांची नावं-पत्ते. ऑनलाइन मजकुरालाही आता हा नियम आहे.

खर्चाची मर्यादा 2024 ला 11,390 पौंड, वर दर मतदारामागे काउंटी (बहुतांशी ग्रामीण) मतदारसंघात 12 आणि बर्ग (शहरी) मतदारसंघात 8 पेन्स. आपला कोणता ते बघा. 50 पौंडांवरची देणगी कुणाची ते तपासल्याशिवाय वापरू नका.

मतदान सकाळी 7 ते रात्री 10. फोटो ओळखपत्र लागतं. स्कॉटिश संसदेला आणि कौन्सिलला लागत नाही, त्यामुळे लोक विसरतात, दारावरच आठवण करा. मतमोजणी प्रतिनिधींची नावं मुदतीत द्या. 2017 मध्ये नॉर्थ ईस्ट फाइफच्या जागेचा निकाल अवघ्या 2 मतांनी लागला, तेव्हा मोजणीच्या टेबलावर झोपाळू माणूस नको.

निकालानंतर 21 दिवसांत बिलं आली पाहिजेत, 28 दिवसांत चुकती झाली पाहिजेत, 35 दिवसांत खर्चाचा हिशेब. एक पेन्स खर्च नसला तरी हिशेब द्यावाच लागतो. त्यानंतर कामाच्या 7 दिवसांत उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. ते एजंटाचं काम नाही, उमेदवाराकडून सही करून घ्या.