शेअर घेण्याआधी कंपनीचा स्वभाव कसा वाचावा

तीस वर्षं बँकेत इन्स्पेक्शन केलं. शाखेत गेलो की लेजर मागायच्या आधी पाच मिनिटं नुसता बसायचो. "साहेब, हे बसत नाही" असं कॅशियर मॅनेजरला तोंडावर सांगू शकतो का, एवढं कळलं की निम्मं काम झालं. परवा भाचीचा फोन आला, "मामा, अमेरिकेतले शेअर आता मोबाईलवरून घेता येतात. मेटाचे, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचे, घेऊ का?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

कंपनीचा वार्षिक अहवाल काढ. तिकडे त्याला टेन-के म्हणतात, फुकट मिळतो. नफ्याचं पान राहू दे. 'रिस्क फॅक्टर्स'चा, म्हणजे धोक्यांचा, भाग छापून घे आणि प्रत्येक 'होऊ शकते'खाली लाल रेघ मार. का, ते सांगतो. एका शाखेच्या अहवालात 'रोकडीत तफावत येण्याची शक्यता' असं वाक्य होतं. प्रत्यक्षात चाळीस हजार आदल्या शनिवारीच कमी भरले होते. फेसबुकनेही हेच केलं. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीसाठी लोकांची माहिती वापरली गेल्याचं कंपनीला 2015 पासून ठाऊक होतं, पण अहवालात मात्र 'गैरवापर होऊ शकतो' एवढंच. मार्च 2018 मध्ये प्रकरण फुटलं. जुलै 2019 मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने याच शब्दखेळासाठी 10 कोटी डॉलर भरायला लावले. खासगीपणाचा 500 कोटी डॉलरचा दंड वेगळा. म्हणून दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवायचे आणि कुठल्या 'होऊ शकते'चं 'झाले' झालं ते बघायचं. एक संध्याकाळ जाते, पण बाकी सगळ्यापेक्षा हेच जास्त सांगतं.

मग बघ, पैसे कोण देतं. आपण वापरणारे, गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. जुलै 2020 मध्ये हजारावर कंपन्यांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. पेपरात केवढा गाजावाजा! तरी त्याच तिमाहीत उत्पन्न 22 टक्क्यांनी वाढलंच. जाहिरातदार तेव्हाच ऐंशी लाखांवर, त्यात बहुतेक छोटे. आमच्या गल्लीत पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनी दोनशे रुपयांची जाहिरात टाकतात, त्या कशाला बहिष्कार घालतील? ट्विटरचं (आताचं एक्स) पोट मात्र मोठ्या ब्रँडांवर होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क मालक म्हणून आले, आठवडाभरात निम्मे लोक घरी. जुलै 2023 मध्ये त्यांनीच लिहिलं की जाहिरातीचं उत्पन्न निम्म्याने घटलंय. बदनामी दोघांची, पण खड्डा एकाच्याच खात्यात.

फेसबुकला बदनामी लागली खर्चाच्या रकान्यात. 2018 च्या एप्रिल ते जूनमध्ये उत्पन्न 42 टक्के वाढलेलं, तरी 26 जुलैला शेअर एका दिवसात 19 टक्के कोसळला. वाढ मंदावेल आणि सुरक्षेवरचा खर्च फुगेल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणून नुसतं उत्पन्न पाहून खूश व्हायचं नाही.

शेवटी माझा कॅशियरवाला प्रश्न. मेटात संस्थापक झुकरबर्ग यांच्या खास शेअरला दहा मतं, तुझ्या शेअरला एक. बहुमत त्यांचंच, मग 'हे बसत नाही' कोण म्हणणार? 2022 मध्ये मेटाव्हर्सच्या, म्हणजे आभासी जगाच्या, विभागात 1,370 कोटी डॉलरचा तोटा झाला, नोव्हेंबरमध्ये 11,000 जणांच्या नोकऱ्या गेल्या.

"म्हणजे घेऊ नको?"

असं नाही म्हटलं गं. 2023 मध्ये तोच शेअर जवळजवळ तिप्पट झाला. स्वभाव वाचून भाव कधी चढेल ते कळत नाही. आपण कुणाच्या हाती पैसे देतोय, तेवढं कळतं.

तिने प्रिंट काढलीये. पानं बघून हबकली. म्हटलं, आज फक्त लाल रेघा मार, रविवारी मी येतो.