कमी ऐकू येतंय? मशीन घ्याच, पण घरच्यांनाही कामाला लावा

"सोयीचं बरं ऐकू येतं तुम्हाला!" कमी ऐकू येणाऱ्या माणसाला घरात हा टोमणा हमखास मिळतो. आणि तो मात्र नीट ऐकू येतो.

टोमण्यात थोडं तथ्य असतं, पण दोष माणसाचा नसतो. वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, ट, थ, क या व्यंजनांचा आवाज बराचसा त्याच पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच उंच, म्हणून कट्ट्यावरच्या मित्राचं बोलणं समजतं आणि सुनेचं, नातीचं निसटतं. यंत्रमागावर किंवा कारखान्याच्या गोंगाटात वर्षं काढलेल्यांचंही असंच होतं. त्यांच्या कानाची पहिली पडझड बहुधा ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) आसपास दिसते.

मोठेपणी ऐकू कमी आलेल्यांनी काय करावं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. दुसरी पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण बहुतेक जण तीच गाळतात.

पायरी १ : आधी कान दाखवा

एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. सर्दीने कान बसला असेल, उद्या मोकळा होईल, असं म्हणत थांबू नका. यावर स्टेरॉइडचे उपचार करतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग. दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. कानातून पाणी किंवा पू येत असेल, चक्कर येत असेल, किंवा एकाच कानात सतत आवाज होत असेल तरीही आधी डॉक्टर.

हळूहळू कमी होत असेल तर तितकी घाई नाही, पण क्रम तोच. कधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की काम होतं. तो डॉक्टरांनाच काढू द्या. हेअरपिन, काडी, गरम तेल यांतलं काहीही कानात नको.

मग ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे बारीक आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. आवाज किती मोठा केला तेव्हा ऐकू आला, ते डेसिबलमध्ये लिहितात, म्हणजे आकडा जितका मोठा तितका दोष जास्त. हे टक्के नाहीत, त्यामुळे '४० आलं' म्हणजे ६० टक्के कान शिल्लक असा हिशेब करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आत सामान्य, ३५ ते ५० मध्यम दोष आणि ८० च्या पुढे अतितीव्र. शब्द किती ओळखता येतात याची वेगळी चाचणी असते, तीही करून घ्या. आलेखाची प्रत मागून फाइलला लावा, दोन वर्षांनी तुलना करायला तीच लागते.

तपासणारा ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारायला लाजू नका. मशीन विकणाऱ्या दुकानातली 'मोफत तपासणी' ही बहुतेकदा विक्रीची पहिली पायरी असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिचं कामच वाचा आणि श्रवण यांचं. गावाकडे जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग गाठा.

पायरी २ : घरच्यांना नेमकं काय करायचं ते सांगा

'मला कमी ऐकू येतं' एवढं सांगून काही होत नाही. समोरचा मान डोलावतो, पुढची दोन वाक्यं ओरडून बोलतो आणि तिसऱ्याला पुन्हा मूळ आवाजावर येतो. तो दुष्ट नसतो, त्याला काय करायचं ते माहीतच नसतं. म्हणून विनंती नको, सूचना द्या.

पहिली सूचना: बोलण्याआधी नाव घ्या किंवा समोर या. लक्ष जाण्याआधी म्हटलेले पहिले तीन शब्द वाया जातात आणि त्यांच्याशिवाय पुढचं लागत नाही.

दुसरी: दुसऱ्या खोलीतून बोलू नका. हा नियम प्रत्येक घरात रोज मोडला जातो, तरी रोज सांगा. कुकर चालू, मिक्सर चालू, तोंड ओट्याकडे आणि 'अहो, गॅसवाला येऊन गेला का?' हे चांगल्या कानालाही अवघड जातं. अंतराचा परिणाम मोठा असतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे ओरडण्यापेक्षा चार पावलं जवळ येणं सोपं.

तिसरी, आणि सगळ्यात गैरसमजाची: ओरडू नका. कानाच्या आतल्या पेशी खराब झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज नेहमीसारखाच, किंबहुना जास्तच बोचतो. मधली ऐकण्याची जागाच अरुंद होते. म्हणून तोच माणूस आधी 'जरा मोठ्याने बोल' म्हणतो आणि लगेच 'ओरडतोस कशाला' म्हणून चिडतो. घरच्यांना हा लहरीपणा वाटतो. एकदा बसवून कारण समजावलंत तर निम्मी भांडणं मिटतील. आवाज नेहमीचाच, वेग थोडा कमी, वाक्यांत जरा विराम, एवढं पुरतं.

चौथी: तोंड दिसू द्या. खिडकीकडे पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा काळोखात जातो, त्याला जागा बदलायला सांगा. ओठ वाचायला आपण सगळेच नकळत शिकतो, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. 'पाल', 'बाल' आणि 'माल' यांत डोळ्यांना फरक कळत नाही. क, ग घशाकडे बनतात, ते दिसतच नाहीत.

पाचवी: 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य घरात बंद. सगळे हसले, आजोबांनी विचारलं काय झालं आणि उत्तर आलं 'काही नाही'. माझ्या मते माणूस कोपरा धरतो तो कानामुळे कमी आणि या दोन शब्दांमुळे जास्त. विनोद दुसऱ्यांदा सांगताना फिका पडतो, पडू दे.

सूचना एकतर्फी नकोत, तुमच्या बाजूचाही एक नियम पाळा. 'काय?' एवढंच विचारू नका. समोरचा तेच वाक्य तसंच म्हणतो आणि तुमचं तेच अक्षर पुन्हा निसटतं. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा: 'रविवारी जायचंय ते कळलं, किती वाजता?' आकडे नेहमी उलट म्हणून खात्री करा. सात, आठ आणि साठ यांनी किती गाड्या चुकवल्यात आणि किती पैशांचे घोळ घातलेत त्याला गणती नाही. दोनदा सांगूनही कळलं नाही तर वाक्य बदलून सांगायला लावा किंवा लिहून मागा. न कळता 'हो हो' म्हणणं मात्र सोडा. डॉक्टरांसमोर ती सवय धोक्याची ठरते.

पायरी ३ : मशीन घ्या आणि तिला वेळ द्या

दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हीला मशीन घ्यावी. आवाज कुठल्या दिशेने आला ते दोन कानांनीच नीट कळतं आणि गर्दीत बोलणं वेगळं काढायलाही त्याची मदत होते. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मागा, आणि दुकानातल्या शांततेत न बसता जेवणाच्या वेळी घरात व बाजारात लावून पाहा. ऑनलाइन मिळणारे हजार-दीड हजाराचे 'आवाज वाढवणारे' बहुधा सगळंच सारखं वाढवतात. तुमच्या आलेखाप्रमाणे बसवलेली मशीन गेलेली पट्टीच वाढवते.

पहिले काही आठवडे वैताग येतो. स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. मेंदूला या आवाजांची सवय राहिलेली नसते. आधी शांत घरात दोन-तीन तास, मग वाढवत जा, आणि काय खटकतं ते कागदावर लिहून पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे जा. सेटिंग एकदाच करून मिळतं ही समजूत मशीन कपाटात जाण्याचं मोठं कारण आहे.

गोल बटणासारख्या बॅटरीचं स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर उघडी ठेवा, ती हवेवरच चालते. तपकिरी स्टिकर म्हणजे ३१२ नंबरची, केशरी म्हणजे १३ नंबरची. दुकानदाराला रंग सांगितला तरी चालतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून. शिट्टी वाजत असेल तर कानात नीट बसली नसेल किंवा कानात मळ असेल.

पायरी ४ : जागा आणि फोन

आपली घरं ऐकायला वाईट असतात: फरशी, उघड्या भिंती, वर पंखा. आवाज घुमतो. जाड पडदा, सतरंजी, जेवताना टीव्ही बंद, एवढ्यानेही फरक पडतो. हॉटेलात भिंतीला पाठ लावून, मुदपाकखान्यापासून लांब बसा. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरजवळ कोणाचंच काही ऐकू येत नाही, तिथे स्वतःला दोष देऊ नका. मंडपाबाहेर खुर्ची टाका, भेटायचे ते तिथे येतात.

अँड्रॉइड फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं मोफत ॲप आहे. समोरच्याचं मराठी बोलणं ते पडद्यावर लिहून दाखवतं. नावं आणि गावं चुकवतं, गोंगाटात गडबडतं, पण बँकेच्या खिडकीवर आणि दवाखान्यात उपयोगी पडतं. केस पेपर काढतानाच सांगा की नाव पुकारलं तर कळणार नाही, हाताने खूण करा. साध्या कॉलपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, कारण तोंड दिसतं.

पायरी ५ : कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर 'ऐकण्यास कठीण' आणि ७० च्या पुढे 'बहिरेपणा' धरतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ज्येष्ठांपैकी बरेच जण ४५-५५ वर अडकतात: त्रास रोजचा, पण कायद्याच्या रेषेच्या अलीकडे. त्यांनी वयोश्री योजना पाहाव्यात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना श्रवणयंत्रासह साधनं मोफत देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. त्यात चांगली डिजिटल मशीन येत नाही, बॅटऱ्या आणि दुरुस्ती निघते.

पायरी ६ : आपल्यासारखे लोक गाठा

घरचे कितीही चांगले असले तरी त्यांना ऐकू येतं. दिवसभर कान लावून बसल्यावर संध्याकाळी येणारा थकवा त्यांना समजावून सांगावा लागतो. दुसऱ्या मशीनवाल्याला सांगावा लागत नाही. अमेरिकेत हॉवर्ड 'रॉकी' स्टोन या कमी ऐकू येणाऱ्या माणसाने १९७९ मध्ये अशाच लोकांची संघटना सुरू केली. तज्ज्ञांनी चालवलेली नव्हे, एकमेकांना मदत करणाऱ्यांची. आज तीच तिथली श्रवणदोष असलेल्यांची मोठी राष्ट्रीय संस्था आहे.

आपल्याकडे मोठेपणी ऐकू कमी झालेल्यांचे असे गट फारसे दिसत नाहीत. जन्मापासून कर्णबधिर असलेल्यांचा समाज आणि त्यांची सांकेतिक भाषा आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ मोफत पाहता येतात आणि पाच-पन्नास खुणा घरात शिकल्या तर कामाला येतात. पण साठीत कान गेलेला माणूस तिथे लगेच रुळत नाही. त्याची माणसं ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात, हास्यक्लबात गप्प बसलेली असतात.

म्हणून गट आपणच जमवायचा. ऑडिओलॉजिस्टला तुमचा नंबर द्या आणि इतरांनी विचारलं तर देण्याची परवानगी द्या; दुसऱ्यांचे नंबर मात्र मागू नका. संघाच्या फलकावर चिठ्ठी लावा. चार-पाच जण पुरतात, आठाच्या वर गेलात तर कोणालाच ऐकू येणार नाही. छोटी खोली, गोल बसायचं, पंखा कमी, उजेड चेहऱ्यावर. एका वेळी एकच बोलेल आणि बोलण्याआधी हात वर करेल, म्हणजे बाकीच्यांना कुठे पाहायचं ते कळतं. फोन मधोमध ठेवून ट्रान्सक्राइब टीव्हीवर दाखवता आलं तर उत्तम.

पहिल्या दिवशी विषय हलका ठेवा: कोणती बॅटरी कुठे स्वस्त मिळते, कोण ऑडिओलॉजिस्ट पुन्हा सेटिंगला वैतागत नाही, पावसात मशीन कशी टिकवायची. उदासी, नोकरीतली कुचंबणा, घरातलं एकटेपण हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपोआप येतं. कोणी फारच खचलेलं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पण तो फोनचाच, त्यामुळे लावताना शेजारी ऐकू येणारं कुणी असू द्या. घरच्यांना दर दोन-तीन बैठकांना एकदा बोलवा. दुसऱ्या घरातल्या सुनेने 'आमच्याकडेही असंच होतं' म्हटलेलं तुमच्या सुनेला जेवढं पटतं, तेवढं तुमचं पटणार नाही.