बासचे पिकअप बदलण्याआधी

माझ्या जॅझ प्रकारच्या, दोन पिकअपच्या बास गिटारचा आवाज मला बरेच दिवस मातकट वाटत होता. जाड ई तार घुमायची, बारीक जी तार दबलेली. मूळ पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग) काढून नवे बसवायचं जवळपास ठरलंच होतं.

आधी दोन वर्षं जुन्या तारा बदलल्या. निम्मा मातकटपणा तिथेच गेला! मग शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून पिकअपपासूनचं अंतर मोजलं: ई तारेखाली दीड मिलिमीटर, जी तारेखाली चार. पिकअपचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ईची बाजू खाली, जीची वर घेतली. दर वेळी वाजवून ऐकलं. चुंबक फार जवळ आला की तारेचं कंपन ओढून धरतो आणि सूर डळमळतो, म्हणून इथे घाई नकोच.

उरली गुणगुण. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती जायची, एक कमी केला की परत. हा बिघाड नाही. या दोन पिकअपच्या सिंगल कॉइल (तारेची एकेकटी वेटोळी) एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात. दोन्ही बरोबरीने चालल्या तरच गुणगुण कटते. पिकअपखालच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून अर्थिंगला जोडली, तेव्हा वरची खरखर कमी झाली.

पिकअप तेच ठेवलेत. एकट्या ब्रिज पिकअपवर (तारा अडकवतात त्या टोकाजवळच्या) रेकॉर्डिंग करायची वेळ आली, तर मात्र गुणगुण स्वतःच काटणाऱ्या हंबकिंग पिकअपची जोडी घेईन.