कबड्डीत डोक्याला मार बसला तर काय करावे?

लालबाग-परळच्या स्पर्धा असोत की डोंबिवलीच्या, गुडघ्या-खांद्यासाठी क्रेप बँडेज, स्प्रे, बर्फ सगळे हाताशी असते. डोक्याला लागले की मात्र तोंडावर पाणी मारायचे, "काय रे, ठीक ना?" विचारायचे आणि परत मैदानात धाडायचे. खेळाडू 'हो'च म्हणतो. तो खोटे बोलतो असेही नाही; धक्का बसलेल्या मेंदूला स्वतःचाच अंदाज येत नाही. त्यामुळे खेळायचे की नाही, हे त्याला विचारूच नका.

१. बाहेर कोण काढणार, हे सामन्याआधी ठरवा. प्रशिक्षकाचा जीव गुणफलकात अडकलेला असतो. बाकावरच्या एखाद्या शांत माणसाला हे काम द्या आणि त्याचा शब्द शेवटचा, हे कर्णधारासमोर सांगा.

२. धडक पाहायला शिका. घोटा पकडायला सूर मारणाऱ्याच्या डोक्यावर चढाईपटूचा गुडघा बसतो, किंवा दोन बाजूंनी झेपावलेल्या बचावपटूंची डोकी एकमेकांवर आपटतात. डोक्याला थेट काही लागले नाही, नुसता जोराचा हिसका बसला, तरी कन्कशन (धक्क्याने मेंदूचे काम काही काळ बिघडणे) होऊ शकते. बेशुद्ध पडलाच पाहिजे असेही नाही; बहुतेक जण शुद्धीवरच असतात. उठायला वेळ लागणे, तोल जाणे, शून्यात पाहत राहणे, चुकीच्या जागी उभे राहणे, उजेड नकोसा वाटणे, मळमळ, यांतले एक जरी दिसले तरी पुरे.

३. प्रश्न विचारा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? एक उत्तर चुकले की तो बाहेर. सगळी बरोबर आली पण चेहरा वेगळेच सांगत असेल, तरीही बाहेर.

४. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, दहा मिनिटांत बरे वाटले तरी. न सावरलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसला तर क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी चहल आला, तीन बळी घेऊन गेला. कबड्डीत तर पाच राखीव खेळाडू असतात. ते कशाला बसवलेत?

५. धोक्याची खूण दिसली तर १०८. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, एकाचे दोन दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, वाढती गुंगी, मानदुखी. मान दुखत असेल तर उचलून बाजूला नेऊ नका, आहे तिथेच स्थिर ठेवा. केईएम, सायन, नायर, कूपर इथले अपघात विभाग चोवीस तास चालू असतात. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही, असे मात्र नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कन्कशन सहसा दिसत नाही.

६. एकट्याला लोकलमध्ये चढवू नका. मुंबईत हीच चूक सर्रास होते. सामना संपतो, सगळे पांगतात आणि हा विरार फास्टच्या दारात लटकलेला. कोणीतरी घरापर्यंत सोडा, घरच्यांना खुणा समजावून सांगा. बाइक चालवू देऊ नका, दारू नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. रात्रभर जागे ठेवायची गरज नसते. धोक्याची खूण नसेल तर झोपू द्या, सोबत कोणीतरी असावे.

७. परतणे टप्प्याटप्प्याने. पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मोबाइल कमी. दिवसभर अंधारात पडून राहणे नको. मग चालणे, हलके धावणे, एकट्याने चढाईचा पदन्यास, पुढे अंगाला अंग न लागणारा सराव. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्या, त्रास वाढला की थांबा. मुलांना सावरायला चार आठवडेही लागतात आणि त्यांची शाळा मैदानाच्या आधी सुरू व्हायला हवी. पकडीचा सराव डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच, सामना त्यानंतर.

हेल्मेट घातले तरी यातले काही चुकत नाही. ते कवटी फुटण्यापासून वाचवते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. दहीहंडीच्या पथकांनीही हीच यादी जवळ ठेवावी.