आपला खासदार नेमका कोणता, आणि आपल्या बूथचा निकाल घरबसल्या कसा वाचायचा

माझं माहेर पुसदकडचं आन् सासर आर्णीकडचं, दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातच, पण २०२४ च्या लोकसभेला सासरी मतदान झालं १९ एप्रिलला आणि माहेरी २६ एप्रिलला. आईचा फोन आला तेव्हा माझ्या बोटावरची शाई चार दिवसांची झाली होती आणि ती सांगे की आमच्याकडं तर अजून प्रचाराच्या गाड्या फिरून राहिल्या. जिल्हा एक, कलेक्टर एक, मग तारखा दोन काहून? हे मला तेव्हा नीट समजलं, त्याच्याआधी नाही. आणि न समजल्यानं आमच्या बचत गटाचं नुकसान झालं होतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिली आहे.

झालं असं की काही वर्षांआधी आमच्या गावच्या नाल्यावरच्या रपट्यासाठी आम्ही बाया अर्ज घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो होतो. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की पोरं शाळेत जात नाहीत, बाळंतपणाची बाई असली तर जीव टांगणीला. दीडशे सह्या-अंगठे होते त्या अर्जावर. एसटीनं गेलो, दिवसाची मजुरी बुडाली, अर्ज दिला आणि पुढचे कितीतरी महिने वाट पाहिली. नंतर कळलं की ज्या खासदारांच्या नावानं अर्ज लिहिला ते आमचे खासदारच नव्हते, आम्ही त्यांच्या मतदारसंघातच येत नाही.

तर पहिली गोष्ट ही की जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ हे दोन वेगळे नकाशे आहेत, एकावर एक नीट बसत नाहीत. महाराष्ट्रात लोकसभेच्या जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८, म्हणजे सहा विधानसभा मिळून एक लोकसभा, हा हिशोब आपल्या राज्यात सगळीकडं सारखा आहे. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभा आहेत सात. त्यातल्या राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद ह्या चार यवतमाळ-वाशिम लोकसभेत, वणी आणि आर्णी ह्या दोन चंद्रपूर लोकसभेत, आणि उमरखेड गेली मराठवाड्यातल्या हिंगोलीत. एका जिल्ह्याचे तीन खासदार! चंद्रपूरचं मतदान पहिल्या टप्प्यात होतं, यवतमाळ-वाशिम आणि हिंगोलीचं दुसऱ्या टप्प्यात, म्हणून माझ्या आईची आन् माझी तारीख वेगळी.

आणि हे फक्त आमच्याकडंच आहे असं समजू नका. वर्धा लोकसभेत अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे आणि मोर्शी येतं. वाशिम जिल्ह्यातलं रिसोड अकोल्यात मतदान करतं. गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव, चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी आणि चिमूर हे तिघं गडचिरोली-चिमूरमध्ये, आणि बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर तर विदर्भाबाहेर रावेरमध्ये. विदर्भाचे खासदार दहा म्हणतात आणि आमदार बासष्ट, सहा दाहे साठ होतात, मग वरचे दोन कुठून आले हा प्रश्न मला पडला होता. ते दोन म्हणजे मलकापूर आणि उमरखेड. ही सगळी मांडणी २००१ च्या जनगणनेवरून २००८ साली झाली आणि २००९ च्या लोकसभेपासून लागू झाली. त्याच्याआधी विदर्भात लोकसभेच्या ११ आणि विधानसभेच्या ६६ जागा होत्या. गावातले म्हातारे लोक अजून जुन्या मतदारसंघाचं नाव सांगतात, ते खोटं सांगत नाहीत, त्यांच्या वेळी तसंच होतं, पण अर्ज लिहिताना त्यांच्यावर विसंबू नका.

आता स्वतःचं कसं शोधायचं. मतदार ओळखपत्र हातात घ्या, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून एक नंबर असतो. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाहीतर आयोगाच्या मोबाईल ॲपमध्ये टाका. मोबाईल जमत नसेल तर १९५० ला फोन लावा, नाहीतर तुमच्या बीएलओला, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, बहुतेक गावात शाळेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताईच बीएलओ असतात. त्याच्यातून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: विधानसभेचा नंबर आणि नाव (आमचं ८०, आर्णी), लोकसभेचं नाव, यादीचा भाग क्रमांक, आणि मतदान केंद्राचं नाव म्हणजे कोणत्या शाळेची कोणती खोली. ह्या चार गोष्टी असल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

लग्न होऊन आलेल्या बायांनी इथंच थोडं थांबावं. माझं नाव लग्नानंतर दोन वर्षं माहेरच्याच यादीत होतं, म्हणजे राहत होती एका खासदाराच्या हद्दीत आणि मत दुसऱ्याच्या. त्याच्यासाठी फॉर्म ८ भरायचा, पत्ता बदलण्याचा, आणि नवीन नाव पहिल्यांदा टाकायचं असलं तर फॉर्म ६. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्या तारखेला अठरा पूर्ण झाले की नाव टाकता येतं. दोन्हीकडं नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, तारखा वेगळ्या आहेत म्हणून दोन्हीकडं जाऊन येऊ असा विचारही करू नका, तो गुन्हा आहे.

आता निकाल. टीव्हीवर आपण एक आकडा पाहतो, अमुक इतक्या मतांनी निवडून आले, आणि उठून जातो. २०२४ ला चंद्रपुरात प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांना २,६०,४०६ मतांनी हरवलं, हा आकडा आमच्या पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनाही पाठ होता. पण त्यात आपल्या गावचं किती, आपल्या विधानसभेचं किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. ते लिहिलेलं असतं फॉर्म २० मध्ये. हा अंतिम निकालाचा तक्ता आहे आणि त्यात एकेका मतदान केंद्राची ओळ असते. लोकसभेचा असला तर सहाही विधानसभांचा वेगवेगळा भाग असतो. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर हे फॉर्म २० पीडीएफमध्ये टाकतात, निवडणुकीचं वर्ष निवडायचं, मग मतदारसंघ, आणि डाउनलोड करायचं. स्कॅन केलेली पानं असतात, कधी आडवी कधी पुसट, मोबाईलवर डोळे दुखतात, त्यापेक्षा सेतू केंद्रावर नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात आपल्या तालुक्यापुरती पानं काढून घ्या.

वाचायचं असं. डाव्या हाताला मतदान केंद्राचा नंबर. वर आडवी उमेदवारांची नावं. प्रत्येकाच्या खाली त्या केंद्रावरची मतं, मग वैध मतांची बेरीज, नंतर नोटा आणि एकूण. पोस्टल मतं केंद्राच्या ओळीत नसतात, ती शेवटी वेगळी मिळवतात, त्यामुळं केंद्रांची बेरीज आणि जाहीर आकडा यात फरक दिसला तर लगेच घोटाळा म्हणून बोंबलू नका, आधी पोस्टल मिळवून पाहा.

समजा तुमच्या केंद्राच्या ओळीत पहिल्याला ३०१, दुसऱ्याला २६२, बाकी सगळ्यांना मिळून ७६ आहेत. वैध झाली ६३९. नोटा ९ धरली की एकूण ६४८. आता केंद्रावर मतदार किती होते ते फॉर्म २० मध्ये केंद्रागणिक देत नाहीत, त्यासाठी मतदार यादीच्या त्या भागाचं पहिलं पान पाहायचं, तिथं पुरुष, स्त्री, तृतीयपंथी आणि एकूण असे आकडे असतात. समजा ९१२ होते. तर ६४८ भागिले ९१२, म्हणजे ७१ टक्के मतदान. राहिले २६४ जण. मला विचाराल तर सगळ्यात जास्त विचार ह्या २६४ चा करावा. पहिल्या-दुसऱ्यात फरक ३९ चा आणि घरी राहिलेले २६४, त्यातले किती पुण्या-मुंबईकडं कामाला गेलेले, किती ऊसतोडीला, किती वारलेले पण यादीत राहिलेले, हे गावात बसूनच शोधता येतं, वरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला ते आपल्याएवढं कळणार नाही.

मागच्या निवडणुकीशी ताडून पाहायचं असेल तर केंद्राचा नंबर पाहू नका, नाव पाहा. केंद्रांची फेररचना होत राहते, मतदार जास्त झाले की एकाचे दोन करतात, नंबर पुढंमागं सरकतात. मी पहिल्यांदा नंबरावरून ताडलं आणि शेजारच्या गावचा निकाल आपला समजून बसली होती, सगळा हिशोब पुन्हा करावा लागला.

ताडून पाहण्यासारखं मात्र २०२४ सारखं वर्ष नाही. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा, मधे साडेपाच महिने. चंद्रपूर लोकसभा काँग्रेसनं अडीच लाखाच्या वर मतांनी जिंकली आणि त्याच लोकसभेखालच्या सहा विधानसभांपैकी राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा आणि आर्णी ह्या पाच नोव्हेंबरात भाजपकडं गेल्या, फक्त वणी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडं. जूनमध्ये हरलेले मुनगंटीवार नोव्हेंबरात बल्लारपूरमधून निवडून आले. मतदार तेच, शाळेची खोली तीच. मग बदललं काय? टीव्हीवाले दहा कारणं सांगतात, पण तुमच्या केंद्राचे दोन्ही फॉर्म २० शेजारी ठेवले की निदान एवढं कळतं की मतं इकडून तिकडं गेली की मतदानच कमीजास्त झालं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या नेहमी एकात एक करतात.

तिसऱ्या नंबरचा उमेदवारही सोडू नका. २०२४ च्याच लोकसभेला अमरावतीत जिंकलेले बळवंत वानखडे आणि हरलेल्या नवनीत राणा यांच्यात फरक होता १९,७३१ चा आणि तिसऱ्या नंबरच्या दिनेश बूब यांना ८० हजाराच्या वर मतं. अकोल्यात अनुप धोत्रे ४०,६२६ नं जिंकले, तिसरे प्रकाश आंबेडकर यांना पावणेतीन लाखाच्या वर. बुलढाण्यात प्रतापराव जाधव २९,४७९ नं, आणि तिथं अपक्ष रविकांत तुपकर अडीच लाखाच्या आसपास. यावरून "ह्याची मतं त्याला गेली असती तर" असा हिशोब सगळे करतात, मी तो करत नाही, कारण तिसऱ्याला मत देणारा दुसऱ्याला दिलंच असतं हे कोणी सांगितलं? तो घरीही बसला असता. आणि एक केंद्र किती जड असतं हे पाहायचं तर साकोली पाहा, २०२४ च्या विधानसभेला नाना पटोले तिथून २०८ मतांनी निवडून आले. दोनशे आठ म्हणजे आमच्या गावची एक गल्ली.

मतमोजणीच्या दिवशी फेरी फेरी म्हणतात ते काय तेही सांगते. साधारणपणे एका विधानसभेला चौदा टेबलं लावतात, एका टेबलावर एका केंद्राचं मशीन, म्हणजे एक फेरी झाली की चौदा केंद्रं मोजून झाली. समजा तुमच्या विधानसभेत ३५० केंद्रं आहेत तर पंचवीस फेऱ्या. साधारण नंबरानंच मोजत जातात, त्यामुळं आपलं केंद्र कितव्या फेरीत येईल याचा अंदाज आधीच काढता येतो. पहिल्या चार फेऱ्यांत कोणी पुढं दिसला तर तो त्या बाजूच्या गावांचा कल असतो, तेवढ्यावर फटाके आणायला कोणाला पाठवू नका.

ज्यांना आणखी खात्री करायची त्यांच्यासाठी फॉर्म १७क. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात किती मतं मशीनमध्ये पडली ते लिहून त्याची प्रत हजर असलेल्या पोलिंग एजंटना देतात. आपल्याला ती थेट मिळत नाही, पण गावातलाच कोणीतरी कोणत्या ना कोणत्या पक्षाचा एजंट बसलेला असतो, त्याच्याकडून फोटो मागून घ्या. त्यातला एकूण आकडा आणि फॉर्म २० मधला आपल्या केंद्राचा एकूण आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर फोटो आणि तक्त्याचं पान घेऊन आधी तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारा, व्हॉट्सॲपवर नंतर टाका.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हा तक्ता पाहून "त्या तांड्यानं आपल्याला मत दिलं नाही", "त्या पोडावरचे (कोलामांच्या वस्तीतले) सगळे तिकडं गेले" असं म्हणणारे लोक आहेत, आणि मग त्या वस्तीचा हातपंप दुरुस्त होत नाही, घरकुलाची यादी अडते. छोट्या केंद्रात, जिथं एकाच वस्तीचे लोक मतदान करतात, तिथं मत गुप्त असूनही वस्ती उघडी पडते. तेव्हा आपल्या केंद्राचा कागद काढा, अभ्यास करा, पण दुसऱ्याच्या वस्तीचा निकाल चौकात वाचून दाखवू नका.

कागद हातात आला की त्याचा उपयोग अर्जात करा. खासदाराला मतदारसंघात कामं सुचवायला वर्षाला पाच कोटींचा निधी असतो, त्यातला किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो, आमच्यासारख्या कोलाम-गोंड वस्तीच्या भागात हे माहीत असणं फार कामाचं आहे. कोणती कामं मंजूर झाली ते खासदार निधीच्या पोर्टलवर पाहता येतं, आणि खासदारानं सभागृहात कोणते प्रश्न विचारले ते संसदेच्या वेबसाइटवर त्यांच्या नावाखाली सापडतात. अर्ज लिहिताना गाव-तालुका-जिल्हा तर लिहाच, पण त्याच्या वर विधानसभेचा नंबर आणि लोकसभेचं नाव लिहा. खाली केंद्राचं नाव आणि मतदार किती तेही. दोन प्रती काढा, दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि ती प्रत गटाच्या रजिस्टरमध्ये चिकटवा, एका बाईच्या घरी ठेवू नका.

आमचा रपट्याचा अर्ज आम्ही नव्यानं लिहिला. वर पहिल्या ओळीत "८० आर्णी विधानसभा, चंद्रपूर लोकसभा", खाली केंद्राचे मतदार, आणि सह्या ह्या वेळी दोनशे बारा. पोच रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे.