लिनक्सवरील लॅपटॉपचे वायफाय मंद चालत असेल तर

एकाच खोलीत, एकाच राउटरवर मोबाइलला शंभर मेगाबिटचा वेग मिळतो आणि शेजारी ठेवलेला उबंटूचा लॅपटॉप मात्र पंधरावर अडखळतो, ही तक्रार लिनक्स वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी इंटरनेटवर सापडलेल्या दहा आज्ञा एकामागून एक टर्मिनलमध्ये चिकटवण्याचा मोह होतो. त्यांतली एखादी लागू पडतेही. पण कोणती लागू पडली हे कळत नाही आणि उरलेल्या नऊ आज्ञांनी केलेले बदल यंत्रात तसेच राहून जातात. म्हणून आधी मोजावे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्यात.

दोष वायफायचाच आहे का?

लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा रस्ता वेगळा आणि राउटरपासून पुढे इंटरनेटचा रस्ता वेगळा. टर्मिनलमध्ये ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. घरगुती राउटरमध्ये तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्या पत्त्याला ‘पिंग’ करून, म्हणजे ‘पिंग’ या आज्ञेपुढे तो पत्ता देऊन, उत्तर यायला किती वेळ लागतो याचे आकडे मिनिटभर पाहावेत. राउटरजवळ बसले असताना उत्तर काही मिलिसेकंदांत आणि साधारण सारख्या अंतराने यायला हवे. आकडे कधी ४, कधी ९०, कधी २०० असे उड्या मारत असतील, तर दोष वायफायच्या टप्प्यात आहे. आकडे स्थिर असूनही वेग नसेल, तर केबलने लॅपटॉप राउटरला जोडून पाहावा; केबलवरही तीच रड असेल तर लॅपटॉपला हात न लावता सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी. संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झालेली मोठी फाइल झपाट्याने उतरते, असे असेल तर अडचण बहुधा डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची, असते आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर बदलून ती सुटू शकते.

सिग्नल आणि पट्टा

‘आयडब्ल्यू डेव्ह’ या आज्ञेने वायफाय कार्डाचे नाव समजते. ते ‘डब्ल्यूएलपी२एस०’ किंवा ‘डब्ल्यूलॅन०’ अशा धर्तीचे असते. त्यानंतर ‘आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे ते नाव आणि शेवटी ‘लिंक’ असे लिहावे. जे दिसेल त्यात फ्रिक्वेन्सी, सिग्नल आणि टीएक्स बिटरेट (लॅपटॉपकडून राउटरकडे मजकूर पाठवण्याचा वेग, मेगाबिटमध्ये) या तीन ओळी कामाच्या आहेत. सिग्नलचा आकडा ऋण असतो: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चालण्यासारखा, आणि उणे ७५ च्या पलीकडे गेला की कोणतेही सेटिंग बदलून फारसा उपयोग होत नाही, राउटरची जागाच बदलावी लागते. दर तीन डेसिबलच्या घसरणीला सिग्नलची शक्ती निम्मी होते, हे लक्षात घेतले तर एका काँक्रीटच्या भिंतीने एवढा फरक का पडतो ते कळते.

फ्रिक्वेन्सी २४०० च्या घरात असेल तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या सोसायटीत त्यांवर पंधरा-वीस राउटर दाटीवाटीने बसलेले असतात. राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर ५ गिगाहर्ट्‌झच्या जाळ्याला वेगळे नाव द्यावे आणि लॅपटॉप मुद्दाम त्यालाच जोडावा. ते जाळे लॅपटॉपला दिसतच नसेल, तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा देऊन देशाचा संकेत पाहावा. तो ०० असेल तर ५ गिगाहर्ट्‌झच्या वापरावर बरेच निर्बंध राहतात; ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) यापुढे भारतासाठी ‘आयएन’ ही दोन अक्षरे, तेवढी मोठ्या लिपीत, द्यावीत. परदेशात राहणाऱ्यांनी अर्थातच त्या देशाचा संकेत द्यावा.

बिटरेट ५४ च्या वर कधीच जात नसेल, तर राउटरची सुरक्षा पद्धत तपासावी. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत निवडलेली असेल तर ८०२.११एन आणि त्यापुढील वायफाय मानकांचे वेग वापरताच येत नाहीत. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडावे.

वीजबचत

सिग्नल चांगला असूनही पिंगचे आकडे उड्या मारतात, तेव्हा माझा पहिला संशय वीजबचतीवर असतो. या अवस्थेत कार्ड मधूनमधून झोपते. त्याच्यासाठी आलेला मजकूर राउटर स्वतःजवळ राखून ठेवतो आणि पुढच्या बीकनमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने सोडल्या जाणाऱ्या छोट्या संदेशात, तशी वर्दी देतो. बीकन सहसा १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा निघतो, म्हणूनच अशा वेळी पिंगचे आकडे शंभराच्या आसपास रेंगाळतात. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नीट लिहिलेला असेल तर काम सुरू होताच कार्ड जागे राहते आणि वापरणाऱ्याला काही जाणवत नाही; पण सगळ्याच ड्रायव्हरांना हे जमत नाही.

खात्री करण्यासाठी ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह’, कार्डाचे नाव आणि ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ अशी आज्ञा देऊन लगेच पुन्हा पिंग करावे. हा बदल तात्पुरता असल्याने धोका नाही. आकडे खाली आले, तरच तो कायम करावा. उबंटूमध्ये त्यासाठी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘नेटवर्कमॅनेजर’ (यातील एन आणि एम मोठ्या लिपीत) आणि तिच्यातील ‘कॉन्फ.डी’ येथे असलेली ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ ही फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी, ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ पुढील ३ च्या जागी २ लिहावे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. येथे ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल, ती किंमत मला तरी रास्त वाटते. चार्जर काढल्यावरच वेग पडत असेल आणि ‘टीएलपी’ हे बॅटरी वाचवणारे सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर त्याच्या सेटिंगमध्येही हीच नोंद पाहावी, कारण बॅटरीवर असताना ते वायफायची वीजबचत पुन्हा चालू करते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

‘एलएसपीसीआय -के’ या आज्ञेने कार्डाची कंपनी आणि वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो, तर ‘सुडो डीएमईएसजी’च्या मजकुरात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधला की फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल सापडली नसल्याची तक्रार असल्यास दिसते. तशी तक्रार असेल तर प्रणाली अद्ययावत करावी. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापना करतानाच मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत ते वेगळे बसवावे लागते. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना उबंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून वेगळा ड्रायव्हर निवडावा लागतो.

रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई या कार्डाची गोष्ट निराळी आहे. ते बसवलेल्या अनेक लॅपटॉपांत एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकावर सिग्नल शोधत राहतो, त्यामुळे राउटर टेबलावर असूनही सिग्नल उणे ८० दिसतो. ‘ईटीसी’मधील ‘मोडप्रोब.डी’ येथे ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची नवी फाइल करून तीत ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ ही एक ओळ लिहावी, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि फरक न पडल्यास २ ऐवजी १ लिहून पाहावे.

इंटेलच्या कार्डांसाठी ‘११एन_डिसेबल=१’ हा उपाय जागोजागी सुचवलेला आढळतो. त्याने जोडणी कधीकधी स्थिर होते, पण ८०२.११एन हे मानकच बंद पडल्याने वेग ५४ मेगाबिटच्या आत अडकतो. वेगाच्या तक्रारीवर हे औषध घेऊ नये.

२.४ गिगाहर्ट्‌झवरच राहणे भाग असेल तर ब्लूटूथचे हेडफोन बंद करून आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क काढून एकदा मोजावे, कारण दोन्हींचा त्या पट्ट्यात अडथळा होतो.

इतके करूनही वेग वाढला नाही, तर कार्ड बदलणे स्वस्त पडते. मात्र काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) ठरावीक कार्डांखेरीज दुसरे स्वीकारत नाही, हे आधी तपासावे. तसे असेल तर यूएसबीवरचा अडॅप्टर घ्यावा आणि घेताना वेष्टनावरील वेगाच्या आकड्यापेक्षा आतली चिप कोणती ते विचारावे: मीडियाटेकच्या एमटी७६१२यू या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ४.१९ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे अडॅप्टर खोचला की वेगळे काही बसवावे लागत नाही.